टोळीच्या लेकरांचं पाळणाघर: एका हंगामाचा अनुभव

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या हंगामात ग्रामपंचायतीनं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं. 25 नोव्हेंबर 2024 ला उघडलं, होळीच्या आदल्या दिवशी, म्हणजे 12 मार्चला बंद झालं. मी तिथं नोकरीला नव्हते की कुठल्या समितीवर नव्हते. आमचा दोन एकर ऊस आहे. तो ज्या टोळीनं तोडला, तिच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, आमच्या घरामागच्या गायरानात होत्या. दुपारी रानातलं काम आटपलं की मी पाळणाघरात जाऊन बसायचे, आठवड्यातून तीन-चार दिवस तरी. त्यामुळं लिहिते ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. पाचात चार गुण देते. एक का कापला तेही सांगते. गावाचं नाव मुद्दाम घातलं नाही, कारण तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्या कुणा एकाच्या डोक्यावर बसाव्यात असं मला वाटत नाही.

ज्यांच्या भागात ऊस नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या बाजूची माणसं कारखान्याच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडायची. पहाटे चारला उठायचं, अंधारातच फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, जायचं. तोडायचं, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) कापायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी आली की रात्री कितीही वाजले तरी भरून द्यायची. एखादा दिवस चुकला की खाडा. मग बारक्या लेकरांनी जायचं कुठं? एक तर फडात बांधाला झोळी टांगायची, नाहीतर कोपीत थोरल्या पोरीच्या गळ्यात घालायचं. आमच्या वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्या आता नवा राहिलेला नाही, तोडणी चालू असताना पिल्लं सापडतात. शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागं घेताना चाकाखाली कोण आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. फडात झोळी बांधणाऱ्या आईला हे सगळं माहीत असतं. तरी ती बांधते, कारण तिला दुसरी जागा नसते.

ती जागा आमच्या ग्रामपंचायतीनं करून दिली, म्हणून हे लिहायला बसले.

जागा म्हणजे गावच्या ओढ्याजवळचं जुनं समाजमंदिर. एक मोठी खोली, पुढं ओटा, मागं मोरी. फरशी घातलेली आहे, पण दोन ठिकाणी उखडलेली. सतरंज्या नव्या घेतल्या होत्या. झोळ्यांसाठी छताच्या लोखंडी पाइपाला कड्या बसवून घेतल्या, तिथं सहा झोळ्या एका वेळी टांगता यायच्या. सांभाळायला दोघी. मोठ्या ताई गावातल्याच, आधी बचत गटाचं काम बघायच्या. धाकटी ताई बारावी झालेली, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दोघींनी आळीपाळीनं. पोरं सरासरी चोवीस असायची. सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून नऊ-दहा वर्षांपर्यंत. थोरली दिवसा शाळेत जायची आणि शाळा सुटली की परत इथं यायची.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दारामागचा फळा. तो कुणी शिकवलेला नाही, कुठल्या शासन निर्णयात नाही, मोठ्या ताईंच्या डोक्यातून निघालेला. पहिल्याच आठवड्यात एक तान्हं दुपारी तापलं. आईला बोलवायचं तर ती कुठल्या फडात आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. टोळी रोज वेगळ्या रानात असते. गावाच्या तीन बाजूंना मोटारसायकली पिटाळल्या तेव्हा दीड तासानं ती सापडली. दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळी साडेसहाला मुकादमांना फोन लावायला लागल्या. फळ्यावर तीन रकाने: लेकराचं नाव, आईचं नाव, आजचा फड. फडाच्या रकान्यात शेतकऱ्याचं नाव आणि खूण, ‘विहिरीचं रान’, ‘पाणंदीच्या वरचं’, ‘टॉवरजवळ’. टोळी दुपारी दुसऱ्या रानात हलली तर मुकादम स्वतः फोन करून सांगायचे. मुकादम लोकांबद्दल बरंच वाईट ऐकू येतं आणि त्यातलं बरंच खरंही आहे, पण या बाबतीत आमच्याकडच्या तिघांनीही कुचराई केली नाही. त्यानंतर हंगामात आणखी चार वेळा आईला बोलवावं लागलं. एकदाही पंधरा मिनिटांच्या वर वेळ गेला नाही. दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुरू करायचं असेल तर बाकी काही नसलं तरी चालेल, खडू आणि फळा आधी आणा.

आता एक पोरगी सांगते. आठ वर्षांची असेल. आली तेव्हा दीड वर्षाचा भाऊ डाव्या कडेवर. पहिले दोन दिवस तिनं त्याला खालीच ठेवलं नाही. ताईंनी झोळीत घातलं की ही झोळीजवळ उभी. तिसऱ्या दिवशी तो झोळीत झोपला आणि ती ओट्यावर आली. ती चालत आली तेव्हा मला दिसलं की कडेवर कुणी नसतानासुद्धा ही पोर उजवीकडं झुकून चालते. डावं कुल्लं बाहेर काढलेलं, डावा हात कमरेशी वळलेला. जसा काही तो अजून तिथं बसलाय. मी तिला म्हणलं, "ये बाळ, बस हितं." ती बसली आणि बसल्यावरही तो हात तसाच. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास ती पोरींच्यात लंगडी खेळत होती. डाव्या पायावर. एका वेळी तीन-तीन जणींना बाद करायची. चालणं अजून पूर्ण सरळ झालं नव्हतं, पण हात सुटला होता.

खाण्याबद्दल. सकाळी उपमा नाहीतर शिरा, दुपारी भात-आमटी आणि एखादी उसळ, चारला शेंगदाण्याचा लाडू. दर्जा चांगला, आमटीत डाळ दिसायची, फक्त पाणी नसायचं. मी स्वतः तिथं जेवले आहे. पण पोरं भात उरवायची. ताईंना वाटलं नावडती भाजी असेल. मग कळलं की ही बाजरी-ज्वारीवर वाढलेली लेकरं, भातानं त्यांचं पोट भरल्यासारखंच होत नाही. "भाकर नाही का?" असं एक पोर रोज विचारायचं. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस भाकरी आणि कोरड्यास सुरू केलं. भाकऱ्या थापायला गावातल्या चार बायका आळीपाळीनं गेल्या, फुकट. ताट चाटूनपुसून साफ व्हायला लागलं. एवढी साधी गोष्ट कळायला तीन आठवडे लागले, पण विचारून बदललं, याला मी जास्त मान देते.

अंगणवाडीच्या सेविका महिन्यातून दोनदा यायच्या, वजन करायच्या, दंडाला पट्टी लावायच्या. ती कागदी पट्टी बघितली नसेल त्यांच्यासाठी: हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा. पहिल्या मोजणीत अकरा महिन्यांच्या एका मुलीची पट्टी लालवर थांबली. सेविकेनं परत लावली, परत लाल. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. आईला फडातून बोलवून घेतलं, आणि खाडा धरू नये म्हणून सरपंच वहिनी स्वतः मुकादमाशी बोलल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या मोजणीला पट्टी पिवळ्यात, हिरव्याच्या अलीकडं होती. आईला पट्टीचं काही कळत नव्हतं. सेविकेनं बोटानं दाखवलं, "हितं होतं, आता हितं आलंय." तिनं ती पट्टी मागून घेतली. ती गावी जाताना तिच्या पिशवीत होती.

शाळेचं काम अर्धंमुर्धं झालं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवलं की जिथं जातील तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. आमच्याकडं आलेल्या अकरा शाळकरी मुलांपैकी चौघांकडंच पत्रक होतं. बाकीच्यांच्या आयांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी सगळ्यांना बसवून घेतलं, कागद नंतर बघू म्हणाले, आणि ते कायद्याला धरूनच होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलंय की स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. मेहरबानी असा शब्द तिथं नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून कुणाला दारातून परत पाठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

हे मी एवढं ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझं माहेर वारणेच्या खोऱ्यातलं. चांदोलीच्या धरणात गेलं. आम्हाला इकडं खाली वसाहतीत आणून टाकलं तेव्हा मी सातवीत होते. पत्र्याच्या खोल्या, पाणी नाही, आणि आजूबाजूची गावं आम्हाला ‘धरणाची’ म्हणायची. जवळच्या शाळेत गेलो तर दाखला मागितला. आमची शाळाच उठलेली, दाखला देणारे गुरुजी बदलून गेलेले. वडील तीन वेळा जाऊन आले, अर्धं वर्ष गेलं. तोवर मी आणि माझी बहीण सकाळी शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून प्रार्थना ऐकायचो. शेवटी एका बाईंनी स्वतःच्या सहीवर आम्हाला वर्गात घेतलं. त्या वसाहतीत पाणी येईपर्यंत दोन वर्षं आम्ही एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणलं. त्यानं कधी हटकलं नाही, पण त्याच्या बायकोच्या कपाळाला आठी असायची. तिची मला तक्रार नाही, विहीर तिची होती. मात्र त्या वेळी ग्रामपंचायतीनं एक नळ दिला असता तर ना तिला त्रास झाला असता ना आम्हाला मान खाली घालावी लागली असती. सोय सार्वजनिक पैशातून झाली की घेणाऱ्याला उपकाराचं ओझं वाटत नाही.

म्हणून पैशाबद्दल सविस्तर लिहिते. परीक्षणात पैशाचं कुणी लिहीत नाही, पण हे पाळणाघर टिकणार की नाही ते त्यावरच आहे.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. नियमच आहे. आमच्या गावात ती रक्कम एक लाख बारा हजार होती. एरवी त्यातून शिवणक्लास, अंगणवाडीची खेळणी, कधी आरोग्य शिबिर असं काही व्हायचं आणि मार्चअखेर घाईघाईत बिलं निघायची. या वेळी मासिक सभेत ठराव झाला की पाळणाघराला त्यातून द्यायचे. हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलाय, मी वहीत उतरवून घेतला. दोघींचं मानधन महिन्याला सात-सात हजार, साडेतीन महिन्यांचे एकोणपन्नास हजार. धान्य, भाजी, गॅस एकतीस हजार. सतरंज्या, भांडी, कड्या, पंखा चौदा हजार. एकूण चौऱ्याण्णव हजार. शंभर दिवस चाललं, रोज चोवीस पोरं. म्हणजे एका लेकराला एका दिवसाला एकोणचाळीस रुपये. त्यात बारा तास सांभाळणं आलं, तीन वेळचं खाणं आलं, आणि आई निर्धास्त फडात गेली ते वेगळंच.

ग्रामसभेत यावर वाद झाला आणि तो होणारच होता. आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी उठल्या. म्हणाल्या, आपल्या अंगणवाडीचा पत्रा गळतोय, तो आधी नीट करा. ही माणसं सहा महिन्यांनी निघून जाणार, यांचं इथं मतदानसुद्धा नाही. पुष्कळांनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पत्रा खरंच गळत होता. पण मला एवढंच विचारायचं होतं आणि मी विचारलं: वहिनी, तुमच्या उसाचं बिल कुणाच्या कोयत्यानं आलं? ऊस वेळेवर तुटला नाही की तुरा येतो, वजन घटतं, आपण मुकादमाच्या पाया पडायला जातो. तेव्हा ही माणसं परकी नसतात. आणि ग्रामपंचायतीला कारखान्याकडून जो कर मिळतो तोही याच उसावर उभा आहे. बोलताना माझा आवाज कापत होता. त्या वहिनी पुढं पाळणाघरात भाकऱ्या थापायला आल्या, चौघींपैकी एक त्याच. पत्र्यासाठी वित्त आयोगातून तरतूद झाली.

वित्त आयोगाचा विषय निघालाच आहे तर तेही. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे 2021 ते 2026 चा, केंद्राचा पैसा गावाला ठरला तो मुख्यतः लोकसंख्येवर, आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. त्या आकड्यावर दर हंगामाला येणाऱ्या टोळ्यांचा काही परिणाम होत नाही. मग सहा महिने आमच्या गावचं पाणी, दिवे, गटार, दवाखाना वापरणाऱ्या तीन-चारशे जणांसाठी आमच्या गावाला एक रुपया येत नाही. आणि त्यांच्या गावी पैसा जातो तेव्हा ती तिथं नसतात. यात कुणा ग्रामसेवकाची चूक नाही, मोजण्याचीच पद्धत अशी आहे. पण आहे त्या चौकटीतही वाट आहे. त्या आयोगाच्या निधीतला साठ टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. गायरानात टोळ्यांसाठी पाण्याची टाकी आणि फिरती शौचालयं त्यात सहज बसतात. चाळीस टक्के अबंधित, त्यातून समाजमंदिराची फरशी. केंद्राच्या मिशन शक्तीत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची ‘पाळणा’ नावाची योजनाही आहे. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी लिहिलं तरच यातलं काही मिळतं. हंगाम सुरू झाल्यावर धावपळ करून मिळत नाही.

लोक मला विचारतात, ऊसतोड महामंडळ आहे की, त्यांनी बघावं. आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनानं घालायचे असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणारा एक कारखाना धरला तर एक कोटी त्याचा, एक कोटी शासनाचा. त्यातून मजुरांच्या गावाकडं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आहे, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. योजना चांगली आहे, पोरं गावी राहून शिकली तर त्याहून चांगलं काही नाही. पण वसतिगृहात शाळकरी पोरगं राहील, अंगावर पिणारं कसं राहील? ते आईबरोबर येणारच. टनामागच्या त्या वीस रुपयांतला एक रुपया जरी जिथं ऊस तुटतो त्या गावातल्या पाळणाघराला मिळाला, तरी आमच्यासारख्या गावांना शिवणक्लास आणि तान्ही लेकरं यांत निवड करावी लागणार नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती संप आणि बैठका होऊन झाली. पाळणाघरासाठी कोण संप करणार? दोन वर्षांच्या लेकराला ते जमत नाही, ते आपणच मागायचं.

आता कापलेला गुण.

पहिली तक्रार मानधनाची. डिसेंबरचं मानधन दोघी ताईंना फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं. ठराव होता, पैसा खात्यात होता, पण सही, ऑनलाइन नोंद आणि कुणाची तरी बदली यात दोन महिने अडकला. धाकट्या ताईनं संक्रांतीला सोडून द्यायचं ठरवलं होतं. तिच्या घरी आजारी सासू, नवऱ्याचं काम सुटलेलं. मोठ्या ताईंनी स्वतःच्या बचत गटातून तीन हजार उचलून तिला दिले तेव्हा ती राहिली. चोवीस लेकरं जिच्या जिवावर सोडायची तिलाच पगारासाठी हात पसरायला लावायचं, हे मला अजिबात पटलं नाही आणि मी ते ग्रामसेवकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं. पुढचे दोन महिने वेळेवर झाले.

दुसरी तक्रार वेळेची. कागदावर सहा म्हणजे सहा. पण गाडी उशिरा आली की आया रात्री आठ-नऊला मोकळ्या व्हायच्या. तोवर पोरं ओट्यावर, अंधारात. डिसेंबरात थंडी कशी पडते ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. ताई थांबायच्या, पण ते त्यांच्या चांगुलपणावर. रात्रीसाठी तिसरी बाई पाहिजे, तिचं मानधन वेगळं पाहिजे. तसंच रविवार. फडाला रविवार नसतो. पहिले सात रविवार पाळणाघर बंद राहिलं आणि त्या सात दिवशी लेकरं परत बांधावर. संक्रांतीनंतर रविवारी उघडायला लागले, तेही आयांनी एकत्र येऊन मागितल्यावर.

तिसरी, शौचालयाची कडी. समाजमंदिरामागच्या शौचालयाला आतून कडी नव्हती, पूर्ण हंगाम नव्हती. दहा-दहा वर्षांच्या पोरी एकमेकींना बाहेर उभं करून जायच्या. चाळीस रुपयांची कडी. मी चार वेळा सांगितलं. शेवटी आमच्या मालकांनी फेब्रुवारीत बसवली. पण हे घरच्या माणसानं करायचं काम नव्हतं.

चौथी, भाषा. एका टोळीत बंजारा घरं होती. त्यांची बारकी पोरं ‘याडी, याडी’ करून रडायची, दोघी ताईंना कळायचंच नाही. आईला याडी म्हणतात हे त्या टोळीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं. ती कोप्या राखायला मागं राहायची. तिला रोज दोन तास बोलवून बसवलं असतं आणि थोडं मानधन दिलं असतं तर पहिला महिना त्या लेकरांचा एवढा रडण्यात गेला नसता. माझ्या हे उशिरा लक्षात आलं. पुढच्या वर्षी ती आली तर मी स्वतः तिला घेऊन येणार आहे.

जाता जाता एक. आमचे आजेसासरे गूळ घेऊन कोल्हापूरच्या पेठेत जायचे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 1948, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना शाळा होती, दवाखाना होता. आजेसासरे सांगायचे असं घरात ऐकलंय की गोऱ्या बायका बाजारात भाजी घ्यायला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या. एवढ्या लांबून आलेल्यांची सोय आपल्या या मुलखात झाली. बीड तर आपल्याच राज्यात आहे.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, त्या दिवशी गाड्या भरताना बघायला गेले होते. कोप्यांचे बांबू, ताडपत्री, पेट्या, कोंबड्या, वर पोरं. ती लंगडीवाली पोर ट्रॉलीत बसली होती, भाऊ मांडीवर. तिच्या आईला मी विचारलं, "पुढल्या साली येणार ना गं?" ती म्हणाली, "उचल घ्यावीच लागंल काकू. पण मुकादमाला सांगून ठिवलंय, ह्याच गावाला टोळी टाक म्हणून. इथं लेकराला ठिवायला जागा हाय." टोळी कुठल्या गावात उतरणार हे मजूर सहसा ठरवत नाही. तरी तिनं सांगून ठेवलं होतं.

येत्या हंगामासाठी मी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतली आहे. पाळणाघराला आराखड्यात स्वतंत्र शीर्ष द्यावं, मानधन दर महिन्याच्या पाच तारखेला व्हावं, रात्री नऊपर्यंत तिसरी बाई असावी, गायरानात पाण्याची टाकी आणि शौचालय बंधित निधीतून करावं, अशा चार मागण्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचायचं सरपंच वहिनींनी कबूल केलंय. आमच्या गावचे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी झेंडावंदन झालं की घरी पळू नका, सभेला थांबा, कोरम भरला पाहिजे. आणि घरात जुनी, धड असलेली सुती लुगडी असतील तर दसऱ्याच्या आत मोठ्या ताईंकडं पोचवा. नायलॉनची नकोत, झोळीची गाठ सुटते. गेल्या वेळी सहा झोळ्यांना चारच लुगडी होती.